कोटीत एक सापडतो तो कसा? ई. कोलाय आणि जनुकशास्त्र

गोदाकाठ (धागाकर्ती)

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी एक प्रश्न ऐकायला मिळतो. एस.वाय.ची (पदवीच्या दुसऱ्या वर्षाची) मुलं नाशिकच्या रामकुंडाच्या खालच्या अंगाचं गोदावरीचं पाणी आणतात, मॅकॉन्की ब्रॉथच्या, म्हणजे जीवाणू वाढवायच्या द्रवाच्या, नळ्या लावतात. आतल्या उलट्या डरहॅम नळीत गॅसचा बुडबुडा धरला की त्यातलं थोडं लूपवर घेऊन इएमबी नावाचं घट्ट खाद्य ओतलेल्या प्लेटवर रेघा ओढून पसरतात. चोवीस तासांनी प्लेट उजेडात तिरकी धरली की गडद कॉलन्यांवर (एकेका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्यांवर) हिरवी, धातूसारखी झाक दिसते. ती दिसली की मुलं ओळखतात, हा ई. कोलाय, म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय. पुढच्या सत्रात मॉलिक्युलर बायोलॉजीचं पुस्तक उघडावं तर पानोपानी पुन्हा हाच. मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हा तर घाणीतला जीवाणू. एवढी नोबेल पारितोषिकं याच्यावरच्या कामाला कशी काय?"

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे तो स्वस्तात वाढतो आणि चांगल्या मीडियात, म्हणजे जीवाणूंच्या खाद्यात, वीस मिनिटांत दुप्पट होतो. उत्तर बरोबर आहे, पण मुलांचं त्याने समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. लवकर वाढणारे जीव इतरही आहेत. माझ्या मते खरी गंमत संख्येत आहे. रात्रभर वाढवलेल्या कल्चरच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर कोटींच्या आसपास पेशी असतात. जनुकशास्त्राला ज्या घटना बघायच्या असतात त्या फार दुर्मीळ असतात, कोटीत एखादी. वाटाण्याची किंवा फळमाशीची कोटी कोण मोजत बसणार? इथे ती नखाएवढ्या थेंबात मावते.

पण नुसती गर्दी असून भागत नाही, त्यातला नेमका एक दिसायलाही हवा. सिंहस्थात गोदाघाटावर चुकलेलं माणूस गर्दीत फिरून सापडत नाही. पण बाकीचे सगळे एकाच वेळी घाटावरून निघून गेले, तर ते एकटं लांबूनही दिसेल. जीवाणूंच्या बाबतीत हे खरोखर करता येतं. ज्या मीडियात फक्त हवा तोच जगेल असा मीडिया बनवायचा. बाकीचे वाढतच नाहीत. सकाळी प्लेटवर जी कॉलनी दिसते, ती त्या एकट्याची प्रजा.

१९४६ साली जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी हेच केलं. लेडरबर्ग तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यांनी ई. कोलायचे दोन दुबळे वाण घेतले. एकाला वाढीला लागणारं मेथिओनिन आणि बायोटिन स्वतः बनवता येत नव्हतं, दुसऱ्याला थ्रिओनिन आणि ल्युसिन. नुसतं ग्लुकोज आणि क्षार असलेल्या मीडियावर दोघंही उपाशी मरणार. दोघांना एकत्र वाढवून, धुऊन त्या मीडियावर पसरलं, तर साधारण कोटीत एक या प्रमाणात कॉलन्या आल्या. दोन्ही वाणांची धड जनुकं एकाच पेशीत आली होती. जीवाणूंमध्येही जनुकांची देवाणघेवाण होते हे त्या दिवशी कळलं. हा प्रयोग उंदरांवर करायचा म्हटला असता तर कोटी पिल्लं लागली असती.

यात नशिबाचाही भाग होता. त्यांचा वाण होता के-१२. १९२२ साली कॅलिफोर्नियात घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून तो वेगळा केलेला होता. त्याच्यात एफ नावाचं प्लास्मिड, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळं असलेलं डीएनएचं छोटं कडं, होतं आणि देवाणघेवाण त्याच्यामुळे घडते. ई. कोलायच्या बहुतेक वाणांवर हा प्रयोग केला असता तर हाती काहीच लागलं नसतं.

धागा एवढ्यासाठी काढला की हा विषय आपल्याकडे पाठांतराचा होऊन बसलाय. नाशिकमध्ये औषध कंपन्या आहेत, द्राक्षबागा आहेत, वायनरी आहेत, आरोग्य विद्यापीठ आहे. सूक्ष्मजीवांशी रोज संबंध येणारी माणसं इथे भरपूर आहेत. तुमचे प्रश्न आणि अनुभव लिहा.

इंदिरानगरकर

ताई, लेख आवडला. माझी मुलगी यंदा सूक्ष्मजीवशास्त्राला गेली आहे. घरात सासूबाईंना काळजी आहे की ही रोज जंतू हाताळून घरी येते. ई. कोलायमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आम्हीही वाचतो. प्रयोगशाळेतला आणि तो एकच का?

गोदाकाठ

इंदिरानगरकर, काळजी रास्त आहे. नाव एकच असलं तरी वाण वेगळे. बातम्यांमधला बहुधा ओ१५७:एच७ असतो. त्याच्याकडे शिगा विष बनवण्याची जनुकं आहेत, आणि ती एका फेजने, म्हणजे जीवाणूंच्या विषाणूने, त्याच्यात आणून सोडलेली आहेत. के-१२ शंभर वर्षं प्रयोगशाळेतल्या मीडियावर वाढतोय. त्याच्या बाहेरच्या आवरणातली साखरेची लांब साखळी गेली आहे, आणि माणसाच्या आतड्यात तो नीट तग धरत नाही. क्लोनिंगला, म्हणजे जनुकाच्या प्रती काढायला, वापरतात तो डीएच५ अल्फा तर आणखी नाजूक.

पाण्याच्या नमुन्यातून जे वाढतं त्याचा मात्र भरवसा नसतो, म्हणून तिथे शिस्त कडक हवी. तोंडाने पिपेट ओढायचं नाही, अॅप्रन घरी न्यायचा नाही, काम झाल्यावर टेबल पुसायचं, हात धुवायचे. वाढवलेलं सगळं १२१ अंश सेल्सियसला, १५ पौंड दाबाखाली ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करूनच टाकायचं. मुलीला एवढंच विचारा की त्यांच्याकडे वापरलेल्या प्लेट कुठे जातात. तिने लगेच सांगितलं तर प्रयोगशाळा चांगली आहे असं समजा.

सातपूर_क्यूसी

औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो. आमच्यासारख्यांना जीवाणू दोन रूपांत भेटतात. एक म्हणजे औषधात नको असलेला आणि दुसरा कामाला लावलेला. दुसऱ्याबद्दल लोकांना फार कमी माहिती असते.

इन्सुलिनचं उदाहरण सगळे देतात, पण ते झालं कसं ते कुणी सांगत नाही. पूर्वी ते डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये जेनेनटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप या संस्थेच्या संशोधकांनी माणसाच्या इन्सुलिनच्या ए आणि बी या दोन साखळ्यांसाठी डीएनए रसायनशाळेत जोडून तयार केला, माणसाच्या पेशीतून काढला नाही. एकेक तुकडा ई. कोलायच्या बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या मोठ्या प्रथिनाच्या जनुकाला मागून जोडला. नुसती छोटी साखळी बनवली असती तर जीवाणूने ती लगेच तोडून टाकली असती, मोठ्या प्रथिनाला जोडलेली असल्यामुळे ती टिकली. सांध्यावर मेथिओनिन हे अमिनो आम्ल ठेवलं होतं, आणि सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन प्रथिनाला मेथिओनिनपाशीच तोडतं. इन्सुलिनच्या साखळ्यांत मेथिओनिन नाहीच, त्यामुळे त्या अखंड सुटून आल्या. मग दोन्ही एकत्र जोडल्या. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्या सांध्याची योजना ज्याला सुचली त्याला मी मनापासून मानतो.

दुसरी गोष्ट एम्स टेस्टची. बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात ती बसवली. साल्मोनेला या जीवाणूचा असा वाण घ्यायचा ज्याला वाढीला लागणारं हिस्टिडिन स्वतः बनवता येत नाही. हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या प्लेटवर तो वाढत नाही. तपासायचं रसायन त्याच्यासोबत घातलं आणि कॉलन्या एकदम वाढल्या, तर त्या रसायनाने डीएनएत बदल घडवले, त्यातल्या काही बदलांनी बिघडलेलं जनुक परत चालू झालं. रसायन शरीरात गेल्यावर यकृत त्याचं काय करतं हेही बघायला हवं, म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क मिसळतात. लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून अमेरिकेत ट्रिस नावाचं रसायन लावत. या टेस्टमध्ये ते सापडलं आणि १९७७ मध्ये त्या कपड्यांवर बंदी आली. नवीन औषधाला आजही या टेस्टमधून जावं लागतं. मॅडम म्हणतात तेच, कोट्यवधींतले मोजके उठून दिसतात म्हणून हे जमतं.

बागाईतदार_निफाड

मॅडम, मी शेतकरी माणूस, पण हे सगळं वाचलं. आमच्या जुन्या बागेत दोन-तीन वेलींच्या बुंध्याला, कलमाच्या जोडापाशी खडबडीत गाठी आल्यात. खुंट डॉगरिजचा आहे. दुकानदार म्हणाला बॅक्टेरिया आहे, अमुक औषध ओता. बॅक्टेरिया गाठ कशी काय आणतो? आणि ओतून उपयोग होईल का?

गोदाकाठ

दादा, तुमचा प्रश्न नेमका धाग्याच्या विषयातला आहे. गाठ न बघता निदान मी करणार नाही. मुळांवर बारीक बारीक गाठी असतील तर सूत्रकृमीचा संशय आधी घ्यायला हवा. पण बुंध्यावर, जखमेच्या किंवा जोडाच्या जागी, खडबडीत आणि वाढत जाणारी गाठ असेल तर क्राउन गॉल असू शकतो.

तो घडवणारा अॅग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू भलताच कसबी आहे. १९०७ साली अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी दाखवलं की गाठ त्याच्यामुळे येते. जखमेतून तो झाडाच्या पेशीला चिकटतो आणि आपल्या प्लास्मिडवरचा एक तुकडा थेट झाडाच्या डीएनएत बसवतो. त्या तुकड्यावर झाडाची वाढ-संप्रेरकं, ऑक्सिन आणि सायटोकायनिन, बनवणारी जनुकं असतात, म्हणून पेशी बेसुमार वाढतात. त्याच तुकड्यावर ओपाइन नावाची रसायनं बनवणारं जनुकही असतं. ती झाडाच्या काही कामाची नसतात, या जीवाणूचं मात्र खाद्य असतात. म्हणजे झाडाची जनुकं बदलून तो स्वतःचं जेवण त्याच्याकडून बनवून घेतो. १९७७ साली मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तुकडा गाठीच्या पेशींत शोधून दाखवला. मग शास्त्रज्ञांनी गाठ आणणारी जनुकं काढून त्या जागी हवं ते जनुक ठेवायला सुरुवात केली. बीटी कापूस, जो आपल्याकडे २००२ पासून लावतात, त्यात बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या दुसऱ्या जीवाणूचं जनुक या गाठीच्या जीवाणूच्या मदतीने बसवलं गेलं.

आता ओतण्याचं. एकदा तुकडा झाडाच्या डीएनएत बसला की जीवाणू मारून गाठ जात नाही. शिवाय द्राक्षातला वाण वेलीच्या आत, वाहिन्यांमध्ये राहतो. आडू-बदामासारख्या झाडांना के८४ नावाचा उपकारक जीवाणू वापरतात, त्याचा द्राक्षातल्या वाणावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून दुकानातलं औषध ओतायच्या आधी गाठीचा नमुना पुण्याजवळच्या मांजरी या गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. तोपर्यंत त्या वेलींची काडी किंवा डोळे दुसरीकडे अजिबात वापरू नका. छाटणीत त्या वेली शेवटी घ्या आणि कात्री निर्जंतुक करा.

बागाईतदार_निफाड

दुकानदाराला पैसे द्यायच्या आधी विचारलं ते बरं झालं. त्या वेलींच्या काड्या शेजारच्याने मागितल्या होत्या, त्याला नको म्हणून सांगतो. आभारी आहे मॅडम.

त्र्यंबकवाट

सगळं मान्य, तरी एक शंका. ई. कोलायवरून सगळ्या जीवसृष्टीचे नियम काढायचे हे मला पटत नाही. ओढ्यातल्या मातीत जे हजारो प्रकारचे जीवाणू आहेत त्यातले बहुतेक प्लेटवर वाढतच नाहीत असं वाचलंय. मग आपण जे वाढतं त्यालाच शास्त्र म्हणतो का?

गोदाकाठ

शंका अगदी योग्य. सूक्ष्मदर्शकाखाली मातीत जेवढ्या पेशी मोजता येतात, त्यातल्या सहसा एक टक्काही नेहमीच्या प्लेटवर वाढत नाहीत. आणि सगळे नियम ई. कोलायचेच, हा विश्वासही १९७७ मध्ये हलला. त्या वर्षी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांना आढळलं की आपल्यासारख्या जीवांच्या जनुकांत मध्येमध्ये निरुपयोगी वाटणारे तुकडे असतात आणि ते जनुकाची नक्कल असलेल्या आरएनएमधून कापून टाकावे लागतात. जीवाणूंच्या जनुकांत हे सहसा नसतं. म्हणूनच माणसाचं जनुक जसंच्या तसं ई. कोलायमध्ये घातलं तर तो ते नीट वाचू शकत नाही. सातपूरकाकांनी लिहिलंय, इन्सुलिनसाठी डीएनए नव्याने जोडून बनवला. त्यामुळे ही अडचण आलीच नाही.

पण जनुकसंकेताच्या, म्हणजे जनुकातली अक्षरं प्रथिनात कशी उतरतात त्या नियमांच्या, बाबतीत ई. कोलाय कमी पडला नाही. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी फुटलेल्या ई. कोलायच्या अर्कात फक्त यू या एकाच अक्षराचा आरएनए घातला आणि नुसत्या फिनाइलअॅलॅनिनची साखळी मिळाली. संकेतातला पहिला शब्द असा उलगडला. त्यातले जवळजवळ सगळे शब्द माणसापासून द्राक्षाच्या वेलीपर्यंत तेच आहेत. पुढे याच संकेताच्या कामासाठी १९६८ चं नोबेल हरगोविंद खोराना यांनाही मिळालं.

आणि ज्यांना प्लेटवर वाढवता येत नाही त्यांचा अभ्यास आज त्यांचा डीएनए थेट वाचून करतात. त्यासाठी बऱ्याचदा लागणारी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत, ज्या एन्झाइमवर चालते, ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जीवाणूचं,  थर्मस अॅक्वाटिकसचं आहे. थॉमस ब्रॉक तिथे गरम पाण्यात कोण राहतं एवढंच बघत होते. उपयोग डोळ्यांसमोर नसताना केलेल्या कामाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि असं काम करायला आपल्या कॉलेजांत वेळ आणि पैसा मिळावा असं मला फार वाटतं.

नाशिकरोड_दवाखाना

डॉक्टर म्हणून एक भर घालतो. रुग्ण विचारतात, "गोळ्यांची सवय होऊन जंतू तयार होतात का?" याचं उत्तर लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्येच दिलंय. त्यांनी ई. कोलायच्या पुष्कळ छोट्या नळ्या वेगवेगळ्या वाढवल्या आणि प्रत्येक नळी फेज लावलेल्या प्लेटवर ओतली. फेजच्या संपर्काने प्रतिकार तयार होत असता तर प्रत्येक प्लेटवर साधारण सारख्या कॉलन्या आल्या असत्या. प्रत्यक्षात बऱ्याच प्लेट रिकाम्या आणि एखादीवर शंभराच्या वर. म्हणजे बदल आधीच, नळीत वाढताना केव्हातरी झाला होता. लवकर झाला असेल तर वारस जास्त. लुरियांना ही कल्पना एका नाचाच्या कार्यक्रमात सहकाऱ्याला जुगाराच्या यंत्रावर खेळताना बघून सुचली, असं त्यांनीच लिहिलंय.

म्हणून साध्या सर्दीला, जी विषाणूची असते, प्रतिजैविक मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो. गोळी प्रतिकार शिकवत नाही. ती बाकीच्यांना मारते आणि आधीच प्रतिकार असलेल्याला मोकळं रान देते. शिवाय तो प्रतिकार शेजाऱ्याला देतोही. १९५० च्या दशकाअखेर जपानमध्ये आमांशाच्या शिगेलात चार-चार औषधांचा प्रतिकार एकदम दिसू लागला. तो प्लास्मिडवरून ई. कोलायकडून शिगेलाकडे जात होता, लेडरबर्ग यांनी पाहिलेल्या देवाणघेवाणीनेच. रुग्णाला हे सांगायला पाच मिनिटं लागतात. मी ती देतो.

गोदाकाठ

डॉक्टर, फार छान लिहिलंत. यात एक नाव जोडते, जोशुआ यांच्या तेव्हाच्या पत्नी एस्थर लेडरबर्ग. लुरियांचं उत्तर आकडेमोडीतून आलं होतं. १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ यांनी तेच डोळ्यांना दाखवलं. प्लेटच्या मापाच्या ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून बसवायची, कॉलन्यांची प्लेट त्यावर अलगद दाबायची. मखमलीच्या तंतूंवर प्रत्येक कॉलनीतल्या थोड्या पेशी येतात. मग त्याच मखमलीवर औषध घातलेल्या नव्या प्लेट एकामागून एक दाबायच्या. प्रतिकारक कॉलन्या सगळ्या प्लेटवर त्याच जागी येतात. मूळ प्लेटला औषध कधी लागलेलंच नसतं, तरी त्या जागेवरच्या पेशी प्रतिकारक निघतात. ई. कोलायचा लॅम्डा फेजही एस्थर यांनीच शोधला. जोशुआ यांना मिळालेल्या १९५८ च्या नोबेलमध्ये त्यांचं नाव नाही. मी वर्गात त्यांचं नाव आवर्जून आधी घेते.

एस_वाय_मायक्रो

मॅडम, आमच्या यूव्हीच्या (अतिनील किरणांच्या) प्रॅक्टिकलमध्ये प्लेटला यूव्ही दिल्यावर लगेच काळ्या कागदात गुंडाळायला सांगतात. जर्नलमध्ये कारण लिहायचंय. सर म्हणाले शोधा.

गोदाकाठ

बाळा, सरांनी बरोबर सांगितलंय, पण एक धागा देते. यूव्हीमुळे डीएनएच्या पट्टीवर शेजारी-शेजारी असलेले दोन थायमिन, म्हणजे डीएनएची अक्षरं, एकमेकांना चिकटतात आणि पेशीला ती जागा वाचता येत नाही. १९४० च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट केल्नर यांना एक विचित्र गोष्ट दिसली. सारखाच यूव्ही देऊनही कधी खूप पेशी जगायच्या, कधी अगदी थोड्या. तापमान बदलून पाहिलं, तरी मेळ बसेना. शेवटी लक्षात आलं की फरक उजेडाचा आहे. पेशींमध्ये फोटोलायेझ नावाचं एन्झाइम असतं. ते निळ्या उजेडाची ऊर्जा घेऊन चिकटलेले थायमिन सोडवतं. ई. कोलायमध्ये ते आहे, माणसात नाही. या एन्झाइमवर काम करणाऱ्या अझीझ सँकार यांना डीएनए दुरुस्तीसाठी २०१५ चं नोबेल विभागून मिळालं.

म्हणून उघड्यावर ठेवलेल्या प्लेटवर तुमची जगलेल्यांची मोजणी खिडकीतल्या उन्हाप्रमाणे बदलेल. जमलं तर दोन प्लेट जास्त कर. दोन्हींना तेवढाच यूव्ही दे, एक गुंडाळ आणि एक ट्यूबलाइटखाली तासभर ठेवून मग इन्क्युबेटरमध्ये टाक. दोन्हींचे आकडे आले की इथे लिही.